मामा तलावाची वाट

"बाबा, इथे संध्याकाळी मुलांना न्यायचं कुठे?"

सुनेनं हे विचारलं तेव्हा मी वरणभात कालवत होतो. घास हातातच राहिला. आयुष्यभर एसटीत कंडक्टर होतो मी, सुट्ट्या पैशांवरून आणि खिडकीच्या जागेवरून भांडणाऱ्या माणसांना उत्तरं देता देता जीभ अशी तयार झाली, की समोरच्याचं वाक्य संपायच्या आत माझं सुरू होतं. पण सुनेला काय म्हणणार? बायको वाढता वाढता थांबली आणि तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की आता तोंड उघडाल तर याद राखा. मी घास खाल्ला.

प्रश्न साधा होता, पण त्यात माझं सगळं अडकलेलं होतं. सून बँकेत आहे. तिला भंडाऱ्याच्या शाखेत बदली मिळत होती आणि हो की नाही ते सोमवारी कळवायचं होतं. मुलगा कॉम्प्युटरवर घरूनच काम करतो, त्याला पुणे काय अन् भंडारा काय, सारखंच. "तुझी नोकरी आहे, तू ठरव," म्हणून तो मोकळा झाला. तेव्हा सून दिवाळीनंतर चार दिवस नातीला घेऊन आली होती, इथे राहणं जमेल का ते बघायला. नात पहिलीत. वर्षातून दोनदा दिसते, अन् दर वेळी तिला माझी ओळख नव्यानं करून द्यावी लागते. ती या घरात राहावी, शाळेतून माझ्यासोबत यावी, एवढंच मला हवं होतं. त्या दिवसांत मी दुसरं काही मागत नव्हतो.

मी लिहायला बसलो की मला-तुला लिहितो, शाळेत तसं शिकवलं म्हणून. बोलतो मात्र मले-तुले. नातीला याची फार गंमत. मी "बजारात जाऊन राहिलो" म्हटलं की ती विचारायची, "जाऊन कुठे राहिलात, आजोबा? तुम्ही तर इथेच आहात." मग स्वतःच खिदळायची. तेवढं सोडलं तर आल्यापासून तिचं मामापुराण चालू होतं. मामा पुण्यात आमच्या दोन गल्ल्या पलीकडे राहतो. मामा दर रविवारी मला पोहायला नेतो. मामा पाण्यात उलटी उडी मारतो. मामाचं हे, मामाचं ते. मी हो हो म्हणत होतो, पण आतून जळत होतो. खोटं कशाला बोलू?

शनिवारी संध्याकाळी मी रविवारचा बेत सांगितला. आमचा मोहल्ला काही वाईट नाही. पितळेची भांडी ठोकणाऱ्यांची गल्ली आहे, नगरपालिकेचा बगीचा आहे, झुले आहेत, नाक्यावर आलूबोंडा मिळतो, हिवाळ्यात उकडलेले शिंगाडे मिळतात. आणि मोहल्ल्याच्या मागे, मोठा रस्ता ओलांडला की मामा तलाव. आमच्या जिल्ह्यात असे तलाव जागोजागी आहेत. जुन्या काळच्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, धानाच्या पाण्यासाठी ते खोदले. सरकारी कागदात त्यांचं नाव माजी मालगुजारी तलाव. त्याचं झालं मा. मा., अन् मा. मा.चं झालं मामा. जन्मापासून ऐकतोय, त्यामुळे त्या शब्दात आम्हाला काही वेगळं ऐकूच येत नाही.

"अन् सगळ्यात शेवटी," मी नातीला म्हटलं, "तुले मामा तलाव दाखवतो."

तिनं हातातला लाडू ताटात ठेवला. "मामा तलाव? इथे?"

"इथंच. आपल्या मोहल्ल्याच्या मागं."

"त्यात पोहता येतं?"

"आम्ही लहानपनी त्यातच पोहलो, बेटा."

ती उठली आणि धावत येऊन माझ्या गळ्यात पडली. या खेपेला पहिल्यांदाच. मी बायकोकडे ऐटीत पाहिलं, म्हटलं बघ, जमलं की नाही. बायको म्हणाली, "उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग. आधी सुनबाईले त पाहू द्या." पण मी हवेत होतो. नात झोपेपर्यंत तलावाचंच विचारत राहिली, केवढा आहे, किती खोल आहे. मी तिला सगळं रंगवून सांगितलं.

रविवारी दुपार कलल्यावर आम्ही तिघं निघालो. बायकोचे गुडघे दुखतात, ती घरीच राहिली. नातीनं निळा फ्रॉक घातला होता आणि ती माझ्या पुढे उड्या मारत चालली होती. मी मात्र परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. सांगतो तुम्हाला, जन्मभर ज्या गल्लीतून मी चाललो, तिच्यातली उघडी नाली मला त्या दिवशी दिसली. भिंतीवरच्या खर्र्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या, पिचकाऱ्या दिसल्या. कुत्री दिसली. सून जिथे जिथे पाहायची तिथे तिथे मीही पाहायचो आणि मनातल्या मनात नगरपालिकेला शिव्या घालायचो.

पितळेच्या गल्लीत लग्नसराईची कामं चालू होती. एक म्हातारा पितळेच्या गुंडाला, म्हणजे पाण्याच्या घागरीला, ठोके देत होता. मला वाटलं नात बघत उभी राहील. तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि म्हणाली, "आता मामा तलाव?"

"थांब ना बेटा. आधी हे त पाह."

"पाहिलं."

बगीच्यात झुले होते, घसरगुंडी होती. घसरगुंडीचा पत्रा एका बाजूनं उचकटला होता. सुनेनं त्याच्यावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. बस, एवढंच केलं. मी म्हटलं, "हे सोमवारी दुरुस्त होनार आहे." कोणी सांगितलं होतं मला? कोणीच नाही. नात झुल्यावर बसली, चार हिंदोळे घेतले आणि उतरली. "झालं. आता मामा तलाव?"

तेवढ्यात बगीच्याच्या फाटकाशी माझा जुना जोडीदार भेटला. माझ्या गाडीचा ड्रायव्हर होता तो. आमच्या दोन गोष्टी बोलून झाल्या. सुनेला नवी चप्पल चावत होती, ती बाकावर बसून टाच चोळत होती. तिचा चेहरा ओढलेला दिसत होता. मी मनात हिशेब केला, आता हिला मोठ्या रस्त्यापलीकडे चालवत नेली तर उरलंसुरलंही हातचं जाईल. जोडीदार म्हणाला, "तलावाकडं जाऊन राहिले का?" मी म्हटलं, "आज मामा तलाव राहू दे. सुनबाईचे पाय दुखून राहिले. मंग कधी पाहू."

नात माझं बोट धरून उभी होती. तिनं बोट सोडलं. मला वाटलं, झुल्याकडे गेली.

मी आलूबोंडे आणायला नाक्यावर गेलो. जाताना सुनेला हात केला. सुनेचा फोन वाजला होता, पुण्याहून मुलाचा, ती बोलता बोलता मान हलवत होती. तिला वाटलं पोरगी माझ्यासोबत गेली. मला वाटलं ती आईजवळ आहे. मी पुडा घेऊन परत आलो तेव्हा सून बाकावर एकटी होती. तिनं माझ्या मागे पाहिलं, मी तिच्या बाजूला पाहिलं, आणि दोघांनाही एकदमच कळलं.

"ती तुमच्याबरोबर नाही?"

"तुझ्याजवळ होती ना."

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. झुल्यांवर दुसरीच पोरं होती. घसरगुंडीच्या मागे कोणी नव्हतं. संडासाच्या बाजूला सून नाव घेऊन हाका मारत होती, आणि तिचा आवाज आधी साधा होता, मग चढत गेला. एका बाईनं स्वतःच्या पोराला जवळ ओढून धरलं. मी माळ्याला विचारलं, त्यानं पाहिली नव्हती. आलूबोंड्यांचा पुडा माझ्या हातातच होता. तो खाली ठेवावा हेसुद्धा सुचलं नाही.

आम्ही फाटकाबाहेर आलो. सून उजवीकडे निघाली होती, मी तिला थांबवलं आणि पानठेल्यावर विचारलं. ठेल्यावरचा माणूस चुना लावत होता. "निळ्या फराकची? गेली ना. मी इचारलं तिले, कोठं चालली बाई एकटी? मामाकडं म्हनली."

माझ्या जिवात जीव आला. आपल्याकडे असंच असतं. लेकरू मामाकडे चाललं म्हटलं की विषय संपला. मामाच्या घराएवढं भरवशाचं घर दुसरं कोणतं? मी म्हणणारच होतो की चला बाप्पा, सुटलो, पण त्याआधी सुनेचा चेहरा पाहिला.

"तिचा मामा पुण्यात आहे," सून म्हणाली.

ठेलेवाल्याचा हात थांबला.

"तिच्याबरोबर कोणी होतं? पुरुष कोणी?"

"नाही ताई, एकटीच होती. आनंदात होती. म्हनून त मी..." तो ठेल्यातून खाली उतरला. "तिकडं गेली. शिंगाडेवालीकडं."

आम्ही धावलो. सून चप्पल काढून हातात घेऊन धावत होती आणि धावता धावता तिनं फोन लावला. तिच्या भावालाच लावला होता. "तू कुठे आहेस? ...नाही, आत्ता, आत्ता कुठे आहेस? ...घरी? नक्की?" पलीकडून तो विचारत असेल काय झालं, पण तिनं फोन बंद केला. तिच्या मनात काय आलं होतं ते मला कळत होतं. तेच माझ्या मनात होतं. कोणीतरी लेकराला सांगितलं असेल, चल, तुझा मामा आलाय.

शिंगाडेवाली रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसते. मी तिला ओळखतो, ती मला ओळखते. "तुमची नात होय का ते?" ती म्हणाली. "मले काय माहीत? मामाकडं जाऊन राहिली म्हनली. रस्त्यावर धानाचे टॅक्टर चालू, एकटं लेकरू, म्हनून मीच हात धरून पार करून देलं. दोन शिंगाडे देले तिले."

म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या माणसांनी तिला विचारलं, खाऊ दिला, हात धरून रस्ता ओलांडून दिला. अडवलं कोणीच नाही. अडवणार कशासाठी?

"कुठे गेली मग?" सून जवळजवळ तिच्या अंगावर ओरडली.

"आता कुठं म्हंजे? मले इचारलं, मामा तलाव कोनता. मी दाखवला. त्या वाटेनं."

मी रस्त्याच्या मधोमध थांबलो. एका ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला, शिवीही दिली असेल. शनिवारपासूनचं सगळं माझ्या कानात उलटं वाजायला लागलं. मामा तलाव? इथे? त्यात पोहता येतं?

"सुनबाई," मी म्हटलं, "त्या तलावाचं नाव मामा आहे. नुसतं नाव. तिले वाटलं तिचा मामा."

तिला समजायला एक क्षण लागला. मग ती म्हणाली, "बाबा, तिनं आत पोहायचा ड्रेस घातलाय. सकाळी हट्टच धरला. मी म्हटलं, घाल बाई, काय बिघडतं."

आम्ही पळत सुटलो.

मी साठी ओलांडलेला माणूस, दम लागतो मला. पण त्या वाटेवर मी सुनेच्या पुढे होतो. दिवस बुडायला आला होता. तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, उंच आहे, खालून पाणी दिसत नाही, वर चढून गेल्याशिवाय काही कळत नाही. चढताना मी देवाचं नाव घेतलं नाही. मी म्हणत होतो, राहू दे, नको राहायला इथे, पुण्यालाच राहू दे, मला दाखवूसुद्धा नको, फक्त असू दे.

वर पोचलो. पाणी भरलेलं होतं. दिवाळीनंतर आमचे तलाव काठोकाठ असतात, अर्ध्या पाण्यावर शिंगाड्याच्या वेलीचं हिरवं जाळं पसरलेलं. घाटाच्या पायऱ्या खाली उतरत होत्या. माणूस दिसत नव्हतं. आणि पाण्याजवळच्या पायरीवर निळा फ्रॉक ठेवला होता, नीट घडी घालून, आणि बाजूला बूट, त्यांत मोजे खोचलेले. पोहायला जाताना तिला तसंच शिकवलं असेल.

सुनेच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी सांगणार नाही.

मी पाण्यात गेलो. कपड्यांसकट, खिशातल्या फोनसकट. मला त्या तलावाची माहिती आहे, चार पायऱ्या संपल्या की खाली चिखल, आणि चिखलात पाय रुतला की वेली गुंडाळतात. पाणी छातीपर्यंत आलं. थंडगार होतं. मी दोन्ही हातांनी पाण्याखाली चाचपत होतो. हाताला वेल लागायची, मी ती ओढायचो, ती तुटून यायची, पुन्हा दुसरी लागायची. एकदा काहीतरी मऊ लागलं. मी ते वर ओढलं. जुनं पोतं होतं. मी ते फेकलं आणि पुन्हा बुडी मारली. वर आलो तेव्हा सून पाण्यात कमरेपर्यंत आली होती आणि तिला पोहता येत नाही हे मला माहीत होतं. "मागं हो," मी ओरडलो, "मागं हो म्हनतो ना."

तेव्हा पाळीवरून हाक आली. "ओ भाऊ. लेकरू पाहून राहिले का? इकडं आहे, इकडं."

वळणापलीकडे, जिथून पाणी धानाच्या बांध्यांत सोडतात, तिथे झाडाखाली ढिवरांचा, म्हणजे मासे धरणाऱ्या कोळ्यांचा, डोंगा लावलेला होता. जाळं वाळत घातलं होतं. आणि एका माणसाच्या शेल्यात गुंडाळलेली माझी नात दगडावर बसून शिंगाडा सोलत होती.

सून तिच्याकडे कशी पोचली मला माहीत नाही. मी काठाला आलो आणि तिथेच बसलो. त्या ढिवराचं वय माझ्याएवढंच असेल. तो मला हळू आवाजात सांगू लागला, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून.

"मी डोंग्यात होतो. पाहतो त गुडघाभर पान्यात उभं लेकरू, अन् आवाज देऊन राहिलं, मामा, मामा. इकडं सारेच पोट्टे मले मामा म्हनते. मले वाटलं मलेच हाक मारते. मी वरडलो, आलो, थांब तिथंच. ते थांबली ना भाऊ. आलो म्हनलं म्हनून थांबली. नाही त पुढच्या पायरीखाली..." त्यानं पाण्याकडे हात केला. "काठावर आनली त लेकराचं तोंड उतरलं. म्हने, तुम्ही नाही. मी म्हनलं, बस इथं, तुझं मानूस येईन. अंधार पडाच्या आत बगीच्याकडं नेतच होतो तिले."

मी त्याचे हात धरले. ज्या जिभेनं मी गाडीभर माणसं गप्प केली ती त्या दिवशी टाळूला चिकटली होती.

मग मी नातीजवळ गेलो. अंगातून पाणी निथळत होतं, डोक्यावर शिंगाड्याचा वेल तसाच होता. आई तिला पोटाशी धरून रडत होती, पण नात रडत नव्हती. तिनं मला पाहिलं आणि लगेच माझ्या मागे पाहिलं, पाण्याकडे.

"आजोबा," तिनं विचारलं, "मामा आत होता का? सापडला तुम्हाला?"

मी नाही म्हणून मान हलवली. मग ती रडली. पाण्याला घाबरली नव्हती, एकटी राहिली म्हणून घाबरली नव्हती. ती त्यासाठी रडली. आणि मला तेव्हा उमगलं, की पितळेची गल्ली, झुला, घसरगुंडी, सगळी दुपार मी जे जे तिला दाखवत होतो, ते ती मामा यायची वाट पाहत कसंबसं संपवत होती.

घरी बायकोनं मीठमोहरीनं दृष्ट काढली, पोरीला गरम पाण्यानं न्हाऊ घातलं, आणि मला जे बोलायचं ते बोलून घेतलं. मी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं सून आता बॅग भरेल. ती भरत नव्हती. मुलाशी ती बराच वेळ फोनवर बोलली, मग माझ्यासमोर येऊन बसली. तिच्या टाचेला पट्टी लावलेली होती.

"तो ठेलेवाला, ती शिंगाडेवाली, त्यांच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं ती कोणाची आहे," ती म्हणाली. "तरी प्रत्येकानं तिला विचारलं, कुठे चाललीस. आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये कोणी मान वर करत नाही, बाबा."

मला आशा धरायची भीती वाटत होती.

"मी हो म्हणायला तयार आहे," ती म्हणाली. "पण सकाळी एकदा तिला विचारते. तिला ओढून आणायचं नाही मला."

सकाळी चहाला आम्ही सगळे होतो. नात दुधात पोळी बुडवून खात होती. सुनेनं तिला साधेपणानं विचारलं, "आपण इथे आजी-आजोबांकडे राहायला यायचं का? शाळा पण इथलीच."

नातीनं विचार केला. खरंच केला, पोळी हातात धरून. मग म्हणाली, "मामा येणार असेल तर." आणि आईला सोडून ती माझ्याकडे वळली. "आजोबा, त्याचाच तलाव आहे ना? तो येईल ना मग इथे राहायला?"

बायको तिच्या मागे उभी होती. तिनं मला डोळ्यांनी खूण केली, मान हलवली, हो म्हणा. सून कपात बघत होती. तिला कोणतं उत्तर हवं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. एक शब्द होता. तो जिभेच्या टोकावर होता, तो म्हटला असता तर पोरगी हसली असती, सुनेनं फोन केला असता, आणि जूनपासून मी तिचं दप्तर उचलून शाळेच्या फाटकाशी उभा राहिलो असतो.

"नाही बेटा," मी म्हटलं. "मामा पुण्यालेच रायते. त्या तलावाचं नुसतं नाव तसं आहे."

"मग मला पण पुण्याला जायचंय," ती म्हणाली, आणि पुन्हा पोळी खायला लागली.

सून उठली, फोन घेऊन बाहेर गेली. दार लोटलेलं होतं, तरी तिचं 'नाही' आत ऐकू आलं. मी माळ्यावरून त्यांची बॅग खाली काढून दिली. बसस्टँडवर त्यांना बसवून आलो आणि मागच्या खोलीत जाऊन रडलो. बायकोनं पाहिलं, पण आत आली नाही.

ती मला अजून माफ करत नाही. "एवढी जीभ चालते तुमची," ती म्हणते, भाजी निवडतानासुद्धा म्हणते, "येईन म्हनून टाकाले काय झालं होतं? महिनाभरात विसरलं असतं लेकरू." खरं आहे तिचं. विसरली असती. लेकरं विसरतात. मी उलट उत्तर देत नाही. पण बायको त्या दिवशी तलावावर नव्हती. मी पाण्यातून वर आलो आणि माझ्या मागे कोणीच नाही हे नातीला दिसलं, तेव्हाचं तिचं तोंड मी पाहिलं होतं.